ट्रिम शून्यावर

सकाळी ६

मार्चचा पहिला आठवडा. पुण्यात या दिवसांत पहाटे वारा पडलेला असतो. नऊ-साडेनऊला जमीन तापायला लागली की झुळका सुरू होतात, दुपारभर हवा हेलकावे देते आणि पाचनंतर पुन्हा निवते. नव्या विमानाचं पहिलं उड्डाण, ज्याला आम्ही मेडन म्हणतो, ते मी या संध्याकाळच्या हवेसाठी राखून ठेवतो. म्हणजे तोवरचा अख्खा दिवस टेबलाला मिळतो, आणि तो पुरा लागतो.

आजचं विमान अकरावीतल्या एका मुलीचं आहे. बाल्सा आणि प्लायवूडचं ट्रेनर, पंख वर बसलेला, या टोकापासून त्या टोकापर्यंत १.४ मीटर, बॅटरीसकट वजन दीड किलोच्या आसपास. सांगाडा तिनं घरीच चिकटवला, वरची फिल्म माझ्याकडे येऊन इस्त्रीनं चढवली. राहिला तो रेडिओ. हातात धरायच्या ट्रान्समीटरला आमच्यात सगळे रेडिओच म्हणतात.

पहिलं काम बॅटरीचं. तीन सेलची २२०० एमएएचची लिपो (लिथियम पॉलिमर) आहे. साठवणीत प्रत्येक सेल ३.८ व्होल्टवर ठेवलेला असतो, तो ४.२ वर न्यायचा. चार्जरवर २.२ अँपियर, बॅलन्सची तार जोडलेली, बॅटरी मातीच्या कुंडीत आणि मी त्याच खोलीत. लिपो चार्जिंगला लावून खोलीबाहेर पाऊल टाकायचं नाही, हे माझ्याकडे शिकायला येणाऱ्याला मी पहिल्या दिवशी सांगतो आणि नंतरही सांगत राहतो. ट्रान्समीटरची बॅटरीही याच वेळी भरून घ्यायची. विमानातली पूर्ण भरलेली आणि हातातली अर्धी, अशी तयारी करून रानात आलेले लोक मी पाहिले आहेत.

सकाळी ७

रेडिओ अजून डब्यातच आहे. पहिला तास विमान नुसत्या हातांनी तपासायचं.

प्रत्येक हिंज ओढून पाहायची. पंखावरचे एलेरॉन, आडव्या शेपटीवरचा एलेव्हेटर, उभ्या शेपटीवरचा रडर बोटानं हलवताना मध्येच कुठे अडकतंय का, आणि पुशरॉड जोडल्यावर खुळखुळतंय का. सर्व्होच्या, म्हणजे हे पृष्ठभाग हलवणाऱ्या छोट्या मोटरच्या, आर्मचं भोक पुशरॉडच्या तारेपेक्षा किंचित मोठं झालेलं असेल, तर तिथला अर्धा मिलिमीटर खुळखुळा एलेव्हेटरच्या मागच्या कडेला दीड मिलिमीटर होऊन निघतो. मग विमान सरळ उडत नाही, नाक वर-खाली करत राहतं, आणि उडवणारा दोष देतो वाऱ्याला. पंखाच्या दोन्ही टोकांपासून शेपटीच्या टोकापर्यंत दोरीनं अंतर मोजलं, दोन्हीकडे सारखं भरलं. मागून डोळ्याच्या रेषेत पाहिलं, शेपटी पंखाशी समांतर आहे. पोरीनं काम नेटकं केलंय.

हा तास कुणाला बिनकामाचा वाटतो, पण माझ्या दृष्टीनं रेडिओचं सेटिंग इथेच सुरू होतं. आजचे ट्रान्समीटर फार ताकदीचे झाले आहेत. साध्या सहा चॅनेलच्या सेटमध्येही सबट्रिम, एंडपॉइंट, मिक्सिंग, एक्स्पो सगळं असतं, त्यामुळे वाकडी बसलेली वस्तू आकडे बदलून सरळ दाखवता येते. मला ते पटत नाही. वाकडेपणा जिथे आहे तिथेच काढावा. रेडिओची पाळी येईपर्यंत त्याला करायला कमीत कमी उरलेलं असावं. माझा सगळा दिवस या एका आग्रहाभोवती आखलेला असतो.

शेवटी मोटरवरचा प्रॉप काढून भिंतीवरच्या खिळ्याला अडकवला. अकरा इंची प्रॉप आणि तीनशे वॉटची मोटर बोटं कापू शकते, आणि सेटिंग करताना मोटर कधी फिरेल याचा नेम नसतो. तो प्रॉप आता रानातच परत बसेल.

सकाळी ८

ती आली. पाठीवर सॅक, हातात तिच्या नव्या रेडिओचा खोका.

“काका, आज उडणार ना?”

“वारा बघू. आणि तू चिकटवलंयस ते सकाळी बघून झालंय, त्यात काही उणं नाही.”

खोका उघडल्यावर पहिला प्रश्न मोडचा. मोड २ मध्ये डाव्या स्टिकवर थ्रॉटल आणि रडर, उजव्या स्टिकवर एलेव्हेटर आणि एलेरॉन. मोड १ मध्ये एलेव्हेटर डावीकडे जातो आणि थ्रॉटल उजवीकडे. जपानमध्ये मोड १ रुजलेला आहे, आपल्याकडेही त्यावर हात बसलेले काही जुने उडवणारे आहेत. माझ्याकडची मुलं मोड २ वर शिकतात, कारण सोबत उडवणाऱ्याला गरज पडली तर रेडिओ हातात घेता यावा. दोन्ही चांगलेच, एकदा हात बसला की बदलू नये, एवढंच.

मग नवी मेमरी. आधीच्या विमानाची मेमरी कॉपी करून थोडे फेरफार करावेत, हा मोह मोठा असतो. त्या जुन्या मेमरीत कुठेतरी एखादं मिक्स, एखाद्या स्विचवर लावलेला फ्लॅप दडून राहतो आणि तो हवेत सापडतो. म्हणून कोरी मेमरी घ्यायची, तिला विमानाचं नाव द्यायचं आणि पंखाचा प्रकार निवडायचा. या विमानात प्रत्येक एलेरॉनला स्वतंत्र सर्व्हो आहे. दोन्ही सर्व्हो एका वाय-तारेत जोडले असते तर एक चॅनेल वाचला असता, पण मी ते वेगवेगळ्या चॅनेलवर घ्यायला लावले. त्याचं कारण दुपारी कळेल असं तिला सांगितलं.

सकाळी ९

बाइंड. विमानातला रिसिव्हर ट्रान्समीटरला ओळखतो, एका ओळखक्रमांकानं त्याच्याशी बांधला जातो, आणि त्यानंतर शेजारी दहा रेडिओ चालू असले तरी दुसऱ्या कुणाचं ऐकत नाही. एलईडी लुकलुकला, मग स्थिर झाला. दोन मिनिटांचं काम.

यापुढचं काम मात्र दिवसातलं माझं सगळ्यात आवडतं. सर्व्होचे आर्म बसवणं.

सर्व्होला रिसिव्हरकडून जे येतं ती विजेची छोटी स्पंदनं असतात. साधारण दर वीस मिलिसेकंदांना एक स्पंदन, आणि त्याची लांबी हीच आज्ञा: १००० मायक्रोसेकंद म्हणजे एक टोक, २००० म्हणजे दुसरं, १५०० म्हणजे मधोमध. कंपन्यांत थोडा फरक असतो, पण तत्त्व हेच. म्हणून आधी सगळे आर्म काढून टाकायचे, ट्रिम आणि सबट्रिम, म्हणजे मध्य सरकवणारे आकडे, शून्यावर आहेत हे स्क्रीनवर पाहायचं, रिसिव्हर चालू करायचा आणि सर्व्होंना त्यांच्या खऱ्या मध्यावर येऊ द्यायचं. आर्म बसतो त्यानंतर, आणि तो पुशरॉडशी काटकोनात बसला पाहिजे. काटकोन नसेल तर एका बाजूला हालचाल जास्त आणि दुसऱ्या बाजूला कमी होते.

तिनं पहिला आर्म बसवला. काटकोनाच्या जरा पुढे गेला. एक दाता मागे घेतला, तर आता जरा मागे.

“काका, मधलं काही येतच नाही. सबट्रिम लावू?”

“अजून नको. दाते किती आहेत बघ.”

पंचवीस. फ्युताबा पद्धतीच्या सर्व्होला पंचवीस दाते असतात, जेआरला तेवीस, हायटेकला चोवीस. म्हणून एकाचा आर्म दुसऱ्याला नीट बसत नाही. पंचवीस दाते म्हणजे एक दाता सरकला की आर्म १४.४ अंशांनी फिरतो. पण पंचवीस हा विषम आकडा आहे, आणि गंमत इथेच आहे. दोन बाजूंचा आर्म काढून अर्धा फिरवून बसवला, तर दुसरी बाजू पहिल्याच्या जागी अगदी तंतोतंत येत नाही, अर्ध्या दात्यानं म्हणजे ७.२ अंशांनी वेगळी पडते. आणि चार बाजूंचा फुलीसारखा आर्म घेतला, तर प्रत्येक बाजू पाव दात्याच्या फरकानं बसते: ३.६ अंश. म्हणूनच चार बाजूंच्या काही आर्मवर १, २, ३, ४ असे बारीक आकडे छापलेले असतात. फुलीची प्रत्येक बाजू आलटून-पालटून लावून पाहायची, जी काटकोनाला सगळ्यात जवळ येईल ती ठेवायची आणि बाकीच्या तीन कटरनं छाटून टाकायच्या.

तिसऱ्या बाजूला आर्म काटकोनात बसला. सबट्रिमची गरज उरली नाही. तिच्या चेहऱ्यावरचा आनंद पाहून मला वाटलं की हे शिकवायला वेगळा तास हवा. त्या छोट्या प्लास्टिकच्या तुकड्यात किती विचार भरलेला आहे हे मुलांनी स्वतःच्या बोटांनी शोधलं पाहिजे. चारही सर्व्होंना मिळून तासभर गेला आणि एकाही चॅनेलला सबट्रिम लागला नाही.

सकाळी १०:३०

टोकावरच्या क्लेव्हिसचे आटे फिरवून पुशरॉडची लांबी जुळवली. आर्म मध्यावर असताना प्रत्येक पृष्ठभाग सपाट रेषेत. मग दिशा.

विमानाच्या शेपटीमागे उभं राहायचं, नाक आपल्यापासून दूर. समोरून तपासलं की डावं-उजवं उलटतं आणि माणूस स्वतःला पटवून देतो की बरोबर आहे. उजवी स्टिक उजवीकडे: उजवा एलेरॉन वर, डावा खाली. स्टिक ज्या बाजूला, त्या बाजूचा एलेरॉन वर. स्टिक स्वतःकडे ओढली: एलेव्हेटर वर. रडर उजवीकडे: मागची कड उजवीकडे. तिनं मोठ्यानं म्हणत म्हणत केलं. डावा एलेरॉन उलटा निघाला, चॅनेल रिव्हर्स केला, पुन्हा पहिल्यापासून सगळं म्हणून घेतलं.

एलेव्हेटर उलटा असेल तर विमान धावपट्टीवरच सांगतं. एलेरॉन उलटे असतील तर ते आधी सुरेख वर चढतं, पहिल्या झुळकेला एक पंख खाली जातो, उडवणारा सवयीनं सावरायला जातो आणि प्रत्येक सावरण्यानं ते आणखी कलंडतं. तीन सेकंदांत सगळं संपतं. जगभरच्या मैदानांवर नव्या विमानांचा जीव घेणारी ही फार जुनी चूक आहे. म्हणून ही तपासणी आज तीनदा होईल: आता, प्रवासाला निघण्याआधी आणि रानात.

सकाळी ११:३०

आता थ्रो, म्हणजे कोणता पृष्ठभाग किती हलायचा. पट्टी एलेव्हेटरच्या मागच्या कडेला उभी धरली, स्टिक पूर्ण ओढली: १८ मिलिमीटर. आम्हाला हवेत १२. इथे बहुतेक जण ट्रान्समीटरमध्ये जाऊन एंडपॉइंट, म्हणजे हालचालीचं टोक, शंभरचा पासष्ट करतात. होतं ते कामाचं, पण त्यात सर्व्होच्या हालचालीचा तिसरा हिस्सा वाया जातो, बारकावा तेवढा कमी होतो आणि जोरही पुरता वापरला जात नाही. त्याऐवजी पुशरॉड सर्व्होच्या आर्मवर आतल्या भोकात घ्यायचा किंवा एलेव्हेटरच्या हॉर्नवर बाहेरच्या भोकात. आम्ही आर्मवर एक भोक आत आलो आणि पट्टीनं १३ दाखवले. उरलेला एक मिलिमीटर एंडपॉइंटनं काढला. आकडा ९२ वर थांबला, तो मला चालतो.

पूर्ण स्टिकला सर्व्हो घुरघुरतोय का, हेही कान देऊन ऐकायचं. घुरघुर म्हणजे तो कुठेतरी टेकलाय आणि जोर लावतोय. तशानं बॅटरी आणि गिअर दोन्ही जातात.

एलेरॉन: वर १२ मिलिमीटर, खाली ८. सकाळी वेगळे चॅनेल घेतले ते यासाठी. खाली जाणारा एलेरॉन वर जाणाऱ्यापेक्षा जास्त ओढ निर्माण करतो, त्यामुळे उजवीकडे वळायला गेलं की नाक आधी डावीकडे खेचलं जातं. खालची हालचाल कमी ठेवली की वळण स्वच्छ येतं. वाय-तारेत हे रेडिओतून साधता आलं नसतं.

ड्युअल रेट एका स्विचवर: वर केला की पूर्ण थ्रो, खाली केला की सत्तर टक्के. पहिलं उड्डाण कमी थ्रोवर, पण जास्तीचा हाताशी. आणि एक्स्पो, म्हणजे स्टिकच्या मध्याजवळ हालचाल मवाळ आणि टोकाला पूर्ण. तीस टक्के ठेवला. इथे एक धोका नेहमी समजावून सांगावा लागतो. फ्युताबाच्या सेटमध्ये मवाळ करायला आकडा उणे द्यावा लागतो, स्पेक्ट्रममध्ये अधिक. एकावरून दुसऱ्यावर गेलेल्यानं चिन्ह तसंच ठेवलं, तर मवाळ व्हायच्या जागी विमान मध्याजवळच बिथरतं. चिन्हावर विश्वास ठेवू नये, स्क्रीनवरची रेघ मध्ये आडवी झालेली डोळ्यांनी पाहावी.

दुपारी १

जेवण. तिच्या डब्यात थालीपीठ, माझ्याकडे आमटी-भात.

फडताळावरच्या जुन्या सेटकडे तिचं लक्ष गेलं. हातभर लांब ओढून काढायची अँटेना, मागे क्रिस्टलची खोबण. ७२ मेगाहर्ट्झचा सेट. तेव्हा प्रत्येक रेडिओला आपापला फ्रीक्वेन्सीचा चॅनेल असायचा आणि मैदानावर फळा असायचा. त्यावर चॅनेलचे आकडे लिहिलेले कपड्याचे चिमटे. ज्याच्या अँटेनाला त्या आकड्याचा चिमटा, त्यानंच रेडिओ चालू करायचा. चिमटा न घेता कुणी चालू केला, तर त्याच चॅनेलवरचं दुसऱ्याचं हवेतलं विमान त्या क्षणी कुणाचंच राहत नसे. त्या फळ्यानं आम्हाला शिस्त लावली. २००५ मध्ये भारतात २.४ ते २.४८३५ गिगाहर्ट्झचा पट्टा विनापरवाना वापरासाठी खुला झाला. पुढे या पट्ट्यावरचे सेट आले, फळा आणि चिमटे गेले.

त्याच्याही मागे गेलं तर वॉल्टर आणि विल्यम गुड हे जुळे भाऊ. अमेरिकेत मिशिगनमधल्या कलामाझूला १९३७ मध्ये त्यांनी ‘गफ’ नावाचं विमान रेडिओवर उडवलं. ते आता स्मिथसोनियन संग्रहालयात आहे. त्या सुरुवातीच्या काळात आणि पुढेही कित्येक वर्षं ट्रान्समीटरवर एक बटण असायचं. विमानात पीळ दिलेला रबर असे, बटण दाबलं की तो एक टप्पा सुटून रडर पूर्ण वळवी, सोडलं की मध्यावर आणी. थोडंसं वळव, अशी आज्ञाच देता येत नव्हती. अंगठा जेवढा हलेल तेवढाच रडर, असे रेडिओ साठच्या दशकात रुळले.

“मग त्यांचं विमान सरळ कसं उडायचं?” तिनं विचारलं.

“सरळ बांधलेलं असायचं म्हणून. रेडिओकडून दुरुस्ती होणारच नव्हती.”

दुपारी २

थ्रॉटल. दिवसातला दुसरा मोठा विषय, आणि इथे मी घाई करू देत नाही.

आधी स्पीड कंट्रोलरला स्टिकची दोन टोकं शिकवायची. स्टिक पूर्ण वर, बॅटरी जोडली, दोन बीप, स्टिक पूर्ण खाली, पुन्हा बीप. मग थ्रॉटल कटचा स्विच: तो ओढलेला असला की स्टिक कुठेही असो, मोटर फिरणार नाही. हा स्विच डाव्या खांद्यावरचा, सगळ्यात सहज सापडणारा. विमान हातात घेताना, बॅटरी जोडताना, धावपट्टीवरून आणताना तो ओढलेला. बाकी स्विच कमीत कमी. नवख्याच्या रेडिओवर मी तीनच ठेवतो: कट, रेट आणि टायमर परत लावायचा. टायमर सहा मिनिटांचा, थ्रॉटल पहिल्यांदा वर गेला की सुरू होणारा. २२०० च्या बॅटरीत एवढ्या वेळानंतरही चौथा हिस्सा उरतो, आणि तो उरलाच पाहिजे; दुसऱ्यांदा उतरायला यावं लागलं तर.

मग फेलसेफ. सिग्नल तुटला तर रिसिव्हरनं काय करायचं? काही रिसिव्हर शेवटची आज्ञा धरून ठेवतात. पूर्ण थ्रॉटलवर सिग्नल गेला तर दीड किलोचं विमान पूर्ण थ्रॉटलवरच जात राहणार, समोर रस्ता असो की वस्ती. म्हणून थ्रॉटल बंद आणि बाकी सगळं मध्यावर. एवढं सगळ्यांना माहीत असतं. कमी लोकांना माहीत असतं ते हे: बऱ्याच रिसिव्हरमध्ये फेलसेफची जागा बाइंड करतानाच नोंदली जाते. सकाळी बाइंड केलं आणि त्यानंतर थ्रॉटलचा चॅनेल रिव्हर्स केला असेल, तर रिसिव्हरच्या आठवणीत ‘बंद’ म्हणून जे आहे ते आता ‘पूर्ण चालू’ झालेलं असतं. रोजच्या उडवण्यात याचा पत्ता लागत नाही. ज्या दिवशी सिग्नल जातो त्याच दिवशी लागतो.

म्हणून सगळे रिव्हर्स ठरल्यावर, थ्रॉटल खाली धरून, पुन्हा एकदा बाइंड. आणि मग खरी परीक्षा. विमान टेबलाला पट्ट्यानं बांधलेलं, प्रॉप खिळ्यावर, मोटर अर्ध्या थ्रॉटलवर फिरतेय, आणि तिला सांगितलं, रेडिओ बंद कर. ती बिचकली. दिवसभर मी तिला बजावत होतो की विमान चालू असताना रेडिओ कधीही बंद करायचा नाही. हाच एक अपवाद. तिनं बटण दाबलं, क्षणभर मोटर फिरली आणि थांबली. रेडिओ पुन्हा चालू केल्यावर सगळं परत हातात आलं. हे तिनं स्वतः पाहिलं, वहीत लिहिलं आणि खाली तारीख घातली.

दुपारी ३

रिसिव्हरच्या दोन अँटेना एकमेकींशी काटकोनात, बॅटरी आणि तारांपासून दूर चिकटवल्या. अँटेनाच्या टोकाच्या दिशेनं सिग्नल सगळ्यात क्षीण असतो; दोघी काटकोनात असल्या की विमान कसंही कललं तरी एक तरी नीट ऐकते. याच कारणानं उडवताना ट्रान्समीटरच्या अँटेनाचं टोक विमानावर रोखायचं नसतं.

सीजी, म्हणजे गुरुत्वमध्य: पंखाची रुंदी २३० मिलिमीटर, पुढच्या कडेपासून ६६ वर विमान दोन बोटांवर तोललं. बॅटरी सेंटिमीटरभर पुढे सरकवल्यावर नाक अगदी किंचित खाली.

मग दोन रेडिओ एकत्र. विमान तिच्या सेटला बांधलेलं, म्हणून संध्याकाळी तिचा सेट माझ्या हातात आणि माझा एक सेट तारेनं जोडून तिच्या हातात. मी स्विच ओढून धरला की विमान तिच्याकडे, सोडला की माझ्याकडे. दोन्ही सेटचा चॅनेलक्रम मात्र वेगळा. एकात पहिला एलेरॉन, दुसऱ्यात पहिला थ्रॉटल. न जुळवता जोडले असते तर तिनं उजवीकडे वळवायला स्टिक हलवल्यावर मोटर गरजली असती. क्रम जुळवला, सगळ्या स्टिक एकेक करून पाहिल्या, शेपटीमागे उभं राहून दिशा पुन्हा म्हणून घेतल्या. निघालो.

दुपारी ४

कात्रजचा नवा बोगदा, खेड शिवापूरचा टोलनाका, पुढे शिरवळ. एवढं दूर का, असं लोक विचारतात. लोहगावला हवाई दलाचा तळ, खडकवासल्याला एनडीए. शहराच्या आसपास मोकळी जागा आणि मोकळं आकाश दोन्ही एकत्र मिळणं कठीण. ड्रोन नियम २०२१ मध्ये आमच्या विमानांना स्वतंत्र व्याख्या आहे: २५ किलोपर्यंत, शिक्षण, संशोधन, आरेखन, चाचणी किंवा करमणुकीसाठी, आणि कायम नजरेच्या टप्प्यात उडणारं. हिरव्या क्षेत्रात उंचीची मर्यादा ४०० फूट. निघण्याआधी नकाशा पाहायचा, हे कामाचाच भाग आहे.

संध्याकाळी ५:१५

हे रान अण्णांचं. ज्वारी काढून झालेली. बांधालगतची धसकटं काढून, रूळ फिरवून त्यांनी साठ-सत्तर पावलांची पट्टी करून ठेवलीय.

“सर, तेवढं गव्हाकडं जाऊ देऊ नका. अजून उभा हाय.”

“नाही अण्णा, आपण ओढ्याच्या बाजूनंच उतरू.”

वारा पश्चिमेकडून, काठीला बांधलेली रिबीन जेमतेम उचललेली. पंख बसवला, प्रॉप बसवला, कट ओढलेला. रेंज चेक: ट्रान्समीटर कमी शक्तीच्या स्थितीत टाकून तीस पावलं लांब जायचं. तिनं विमान धरलं, मी चालत गेलो, सगळे पृष्ठभाग हलवत राहिलो. मग मोटर चालू करून पुन्हा, कारण मोटर आणि स्पीड कंट्रोलरचा त्रास असेल तर तो मोटर चालू असतानाच दिसतो. कुठेही थरथर नाही. परत येऊन पूर्ण शक्ती, शेपटीमागे उभं राहून तिसऱ्यांदा दिशा. “स्टिक उजवीकडे, उजवा वर.”

संध्याकाळी ५:४५

पट्टीच्या अर्ध्यातच चाकं सुटली. किंचित उजवीकडे कलंडण्याची ओढ आणि नाक थोडं जड. दीडशे फुटांवर नेऊन थ्रॉटल अर्ध्यावर आणला आणि ट्रिम लावले: एलेव्हेटर वर चार क्लिक, एलेरॉन डावीकडे तीन. स्टिक सोडल्या. विमान सरळ चाललं.

“तुझं,” म्हणून स्विच ओढला.

पहिली दहा सेकंदं तिचे अंगठे ताठ होते. मग मोठं, सपाट डावं वळण. मग उजवं. वळणात उंची गेली तेव्हा मी न सांगता तिनं एलेव्हेटर दिला. एक्स्पोमुळे तिचा कंप विमानापर्यंत पोचला नाही. खाली उभ्या माणसाला ते शांतपणे चाललेलंच दिसत होतं. तीन वेळा मी स्विच सोडला, तीन वेळा परत दिला. टायमर वाजला तेव्हा उतरवायला मी घेतलं, ओढ्याच्या बाजूनं आणलं, पट्टीवर टेकवलं. तिनं कट ओढायची आठवण मला केली.

संध्याकाळी ६:१५

बॅटरी काढण्याआधी पट्टी काढली. एलेव्हेटर मध्यावर असताना मागची कड एक मिलिमीटर वर होती. हेच ते चार क्लिक. क्लेव्हिसच्या तारेवर दोन मिलिमीटरचे आटे आहेत, एक पूर्ण फेरा म्हणजे ०.४ मिलिमीटर, आणि हॉर्नपासून मागच्या कडेपर्यंत ते जवळपास तिप्पट होतं. ट्रिम शून्यावर आणला, क्लेव्हिस एक फेरा फिरवला, पट्टी पुन्हा धरली. कड पुन्हा एक मिलिमीटर वर. आता ती दुरुस्ती विमानात आहे. पुढच्या वेळी कुणाचं बोट चुकून ट्रिमवर गेलं, तरी शून्यावर आणलं की विमान सरळ.

एलेरॉनच्या क्लेव्हिसला तिनं हात घातला, तेव्हा थांबवलं.

“हे आधी का होतंय ते बघू.”

टेबलावर दोन्ही बाजूंचं वजन सारखं होतं, एलेरॉन सपाट होते. पंख काढून मागच्या कडेनं डोळ्याच्या रेषेत धरला. डाव्या पंखाचं टोक मागच्या कडेला खाली पिळलं गेलेलं दिसलं. सकाळी ते सरळ होतं. गाडीच्या मागच्या काचेतून तासभर ऊन त्या बाजूला आलं आणि फिल्म एका अंगानं सैल झाली.

“पण काका, तीन क्लिकनं तर सरळ उडतंय. तसंच ठेवलं तर?”

“वेगात उडेल. उतरताना वेग कमी झाला की पिळलेलं टोक आधी लिफ्ट सोडणार, आणि डावा पंख एकदम खाली जाणार. जमिनीपासून दहा फुटांवर. ट्रिम तिथे काही करू शकत नाही.”

ती थोडा वेळ पंखाकडे पाहत राहिली. मग म्हणाली, “म्हणजे आज दुसरं उड्डाण नाही.” मी काही न बोलता तिला ठरवू दिलं होतं, आणि तिनं बरोबर ठरवलं.

रात्री ९

बॅटरी चार्जरवर, साठवणीच्या ३.८ वर परत. तिच्या रेडिओतली मेमरी कार्डवर उतरवून घेतली. वहीत तिच्याच अक्षरात: सबट्रिम सगळे ०. एंडपॉइंट एलेव्हेटर ९२. एक्स्पो ३०. फेलसेफ तपासला. एलेव्हेटर ट्रिम ०. एलेरॉन ट्रिम डावीकडे ३. उद्या हीटगननं डाव्या पंखाचा पीळ काढायचा आणि ० करून उडवायचं. विमान पांढऱ्या चादरीत गुंडाळून आणायचं.